मोजणीत न आलेल्या मुली: एडीएचडीच्या संशोधनाचा एक इतिहास

एडीएचडीच्या संशोधनात मुली केव्हा आल्या, इतक्या उशिरा का आल्या, आणि त्या मोठ्या होईपर्यंत त्यांच्यामागे राहिलेल्या संशोधकांना काय दिसलं, हे आज आपण पाहणार आहोत.

आधी नावाबद्दल थोडं. एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. यात दोन धागे आहेत. एक म्हणजे लक्ष न टिकणं. सांगितलेलं अर्धवट ऐकलं जातं, वस्तू हरवतात, सुरू केलेलं काम तडीला जात नाही. दुसरा म्हणजे अतिचंचलता आणि उतावळेपणा. एका जागी बसवत नाही, समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत उत्तर तोंडातून निघून जातं. काहींमध्ये दोन्ही धागे असतात, काहींमध्ये पहिलाच जास्त. आता, हे थोडंफार प्रत्येक मुलात असतंच. निदान करायचं ते केव्हा, तर हे वयाच्या मानाने फार जास्त असेल, घर आणि शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसत असेल, आणि त्यामुळे रोजचं जगणं अडत असेल, तेव्हाच.

आपल्या भाषेत अशा मुलांसाठी शब्द आधीपासून आहेत, आणि ते ऐकण्यासारखे आहेत. बाकावरून उड्या मारणाऱ्या मुलाला आपण ‘चळवळ्या’ म्हणतो, ‘वांड’ म्हणतो. डबा विसरणाऱ्या, वही हरवणाऱ्या, खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या मुलीला ‘वेंधळी’ म्हणतो, ‘धांदरट’ म्हणतो. वांड मुलाची तक्रार शाळेतून घरी येते आणि कधी ना कधी कोणीतरी म्हणतं, एकदा डॉक्टरांना दाखवा. वेंधळ्या मुलीची तक्रार सहसा येत नाही. तो तिचा स्वभाव ठरतो. हा फरक ध्यानात ठेवू या, कारण पुढे लंडन, माँट्रियल, न्यूयॉर्क अशा ठिकाणी आपल्याला हाच फरक दिसणार आहे.

सुरुवात लंडनपासून करू. १९०२ साली जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये तीन व्याख्यानं दिली. बुद्धी शाबूत असूनही ज्यांना स्वतःला आवरता येत नाही, अशा मुलांबद्दल ती होती. एडीएचडीच्या इतिहासात बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. स्टिल यांनी वर्णन केलेल्या २० मुलांमध्ये १५ मुलगे होते आणि ५ मुली. म्हणजे पहिल्याच यादीत मुली होत्या, पण थोड्या.

दुसरा टप्पा १९३७ चा. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये ब्रॅडली होम नावाचं मुलांचं रुग्णालय होतं. एमा पेंडल्टन ब्रॅडली या मुलीला सातव्या वर्षी मेंदूज्वर झाला आणि ती कायमची अपंग झाली. तिच्या आईवडिलांनी तिच्या नावाने ते उभं केलं. तिथले चार्ल्स ब्रॅडली यांनी बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध ३० मुलांना देऊन पाहिलं. मूळ हेतू एका तपासणीनंतर होणारी डोकेदुखी कमी करण्याचा होता. डोकेदुखीवर फारसा उपयोग झाला नाही, पण काही मुलांचं अभ्यासातलं लक्ष एकदम सुधारलं. या ३० जणांत २१ मुलगे होते आणि ९ मुली. एका मुलीच्या नावाने बांधलेल्या घरातसुद्धा मुली तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमीच.

यावरून कोणी म्हणेल की मुलींमध्ये हा त्रास मुळातच कमी असतो. त्यात तथ्य आहे. आजही सर्वसाधारण लोकवस्तीत पाहणी केली तर लहान वयात मुलीमागे साधारण दोन ते तीन मुलगे सापडतात. पण दवाखान्यात हे प्रमाण त्याहून कितीतरी विषम असायचं. या दोन आकड्यांमधली जी फट आहे, तिच्यात राहून गेलेल्या मुलींबद्दल आपण बोलतो आहोत.

ती फट पडली कशी? मूल स्वतःहून डॉक्टरकडे जात नाही, त्याला कोणीतरी पाठवावं लागतं. पाठवतं कोण, तर ज्याला त्रास होतो तो. चाळीस मुलांच्या वर्गात जो शिकवू देत नाही त्याच्याबद्दल शिक्षक बोलतात. जी गप्प बसून काहीच करत नाही, तिच्याबद्दल बोलायला त्यांना वेळ नसतो आणि निकडही वाटत नाही. मग दवाखान्यात येतात ते मुलगे. संशोधक दवाखान्यातूनच अभ्यासासाठी मुलं घेतात, म्हणून अभ्यासातही मुलगेच. अभ्यासावरून लक्षणांची यादी ठरते, आणि ती यादी घेऊन पुढच्या शाळेत पुन्हा मुलगेच शोधले जातात. कोणी मुद्दाम डाव रचलेला नाही. प्रत्येक जण आपापलं काम नीट करतो आहे, आणि तरीही मुली गाळल्या जात आहेत.

यादीचं उदाहरण घेऊ. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची निदान-पुस्तिका आहे, डीएसएम. १९६८ च्या आवृत्तीत या विकाराचं नावच अतिहालचालीवरून दिलेलं होतं. म्हणजे जी मुलगी हालचाल करत नाही तिला त्या नावात जागाच नव्हती. मग माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या व्हर्जिनिया डग्लस यांनी १९७२ च्या सुमारास दाखवून दिलं की खरी अडचण लक्ष टिकवण्याची आणि स्वतःला थांबवण्याची आहे, नुसत्या हालचालीची नाही. त्याचा परिणाम १९८० च्या आवृत्तीत दिसतो. तिथे पहिल्यांदा ‘अतिचंचलतेशिवाय’ असा वेगळा प्रकार आला. १९८७ मध्ये तो जवळजवळ काढून टाकला गेला, आणि १९९४ मध्ये वेगळ्या शब्दांत परत आला. बघा, खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या मुलीसाठीचं दार चौदा वर्षांत एकदा उघडलं, लोटलं गेलं आणि पुन्हा उघडलं.

याच काळात मोठा प्रश्न असा होता की ही मुलं मोठी झाल्यावर त्यांचं काय होतं. त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा करावा लागतो. माँट्रियलमध्ये गॅब्रिएल वाइस आणि लिली हेक्टमन यांनी तो केला. त्यांच्या गटात बहुतेक मुलगे होते. न्यूयॉर्कमध्ये साल्वातोर मानुझा आणि रेचेल क्लाइन यांनी केला. त्यांच्या गटात सगळेच मुलगे होते. हे अभ्यास उत्तम होते. मोठेपणी हा त्रास आपोआप सरतो हा समज त्यांनीच मोडून काढला. पण त्यांचे निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत गेले ते ‘एडीएचडी असलेली मुलं’ या नावाने, आणि त्या ‘मुलं’ शब्दात मुली गृहीत धरल्या गेल्या.

हे बदललं १९९० च्या दशकात. १९९३ साली अमेरिकेत कायदा झाला की सरकारी पैशावर चालणाऱ्या वैद्यकीय संशोधनात स्त्रियांचा समावेश हवा. १९९४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने एडीएचडीतल्या स्त्री-पुरुष फरकांवर खास परिषद भरवली. तिथे मुलींबद्दलची माहिती किती तोकडी आहे हे उघडपणे मांडलं गेलं. १९९५ मध्ये सारी सोल्डन यांचं प्रौढ स्त्रियांमधल्या या विकारावरचं पुस्तक आलं. १९९९ मध्ये कॅथलीन नेडो, एलन लिटमन आणि पॅट्रिशिया क्विन यांचं मुलींवरचं पुस्तक आलं. दवाखान्यात बसणाऱ्या या स्त्रियांना रोज दिसत होतं ते त्यांनी लिहिलं. आता आकडे हवे होते.

ते दोन ठिकाणांहून आले. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जोसेफ बीडरमन यांच्या गटाने एडीएचडी असलेल्या १४० मुली आणि नसलेल्या १२२ मुली घेतल्या. दुसरा अभ्यास कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठात स्टीफन हिनशॉ यांनी सुरू केला. योगायोग असा की तिथेही एडीएचडी असलेल्या मुली १४० च होत्या. तुलनेसाठी ८८ मुली होत्या, वय आणि वंश यांचा मेळ घालून निवडलेल्या. आज आपण मुख्यतः या बर्कलीच्या अभ्यासाबद्दल बोलू.

त्याची पद्धत आपल्याला ओळखीची वाटेल, कारण ती उन्हाळी शिबिराची आहे. १९९७, १९९८ आणि १९९९ या तीन उन्हाळ्यांत पाच-पाच आठवड्यांची दिवसाची शिबिरं झाली. दर वर्षी मुली नव्या, वय ६ ते १२. त्यांना गोळा करताना फक्त दवाखान्यांवर भिस्त ठेवली नाही. शाळा, बालरोगतज्ज्ञ, जाहिराती असे सगळे मार्ग वापरले. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या गोऱ्या, कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई अशा सगळ्या घरांतल्या मुली त्यात होत्या. १४० पैकी ९३ जणींमध्ये दोन्ही धागे होते, त्याला मिश्र प्रकार म्हणतात. ४७ जणींमध्ये मुख्यतः लक्ष न लागण्याचा.

शिबिरात वर्ग होते, चित्रकला होती, नाटक होतं, मैदान होतं. एडीएचडी असलेल्या आणि नसलेल्या मुली एकत्रच वावरत, आणि नोंदी करणाऱ्यांना कोणती मुलगी कोणत्या गटातली हे सांगितलेलं नव्हतं. हे महत्त्वाचं आहे. एकदा शिक्का माहीत असला की माणसाला तेच दिसायला लागतं.

पहिले निष्कर्ष २००२ मध्ये छापून आले आणि ‘मुलींमध्ये सौम्य असतं’ या समजाला तिथेच तडा गेला. अभ्यासात, घरातल्या नात्यांत, मनःस्थितीत या मुली तुलनेच्या गटापेक्षा स्पष्टपणे मागे होत्या. सगळ्यात बोलका भाग मैत्रीचा आहे. कोण आवडते, कोण आवडत नाही, असं मुलींनाच विचारलं होतं. मिश्र प्रकारातल्या मुलींना इतर मुली थेट नाकारत होत्या. लक्ष न लागणाऱ्या मुली त्यापेक्षा एकट्या पडलेल्या होत्या, कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या. लहान वयात मुलीचं जग मैत्रिणींचं असतं. पाच आठवड्यांत हे एवढं दिसलं, तर शाळेच्या दहा वर्षांत काय होत असेल?

मग पाठपुरावा सुरू झाला. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, सोळा वर्षांनी. २२८ मुलींपैकी पाच वर्षांनी ९२ टक्के परत भेटल्या, दहा वर्षांनी ९५ टक्के, सोळा वर्षांनी ९३ टक्के. संशोधन करणाऱ्या कोणालाही विचारा, हे आकडे सहज येत नाहीत. कुटुंबं घर बदलतात, मुली लग्न करून किंवा शिकायला दूर जातात, कोणी बोलायला तयार नसतं. आणि ज्यांचं आयुष्य जास्त विस्कटलेलं असतं त्याच अभ्यासातून आधी गळतात. त्या गळल्या की राहिलेल्यांची सरासरी चांगली दिसते आणि आपण म्हणतो, बघा, सगळं ठीक झालं. इथे गळती कमी होती, म्हणून पुढे जे दिसलं त्यावर विश्वास ठेवता येतो.

पाच वर्षांनी मुली किशोरवयात होत्या. उड्या मारणं, धावणं कमी झालेलं होतं. वरवर पाहणाऱ्याला वाटलं असतं की आजार ओसरला. पण अभ्यास आणि मैत्री यांतल्या अडचणी तशाच होत्या.

दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. मुली तेव्हा १७ ते २४ वर्षांच्या होत्या. आता आपण एका कठीण विषयाकडे येतो आहोत, ऐकणाऱ्यांपैकी कोणाला थांबावंसं वाटलं तर जरूर थांबा. संशोधकांनी या मुलींना स्वतःला इजा करून घेण्याबद्दल आणि आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल विचारलं. तुलनेच्या गटात आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या ६ टक्के होत्या. लहानपणी लक्ष न लागण्याचा प्रकार असलेल्यांत ८ टक्के, म्हणजे फारसा फरक नाही. पण मिश्र प्रकारातल्यांत २२ टक्के. स्वतःला इजा करून घेतलेल्या तुलनेच्या गटात १९ टक्के, लक्ष न लागण्याच्या प्रकारात २९ टक्के, आणि मिश्र प्रकारात ५१ टक्के.

हे आकडे घाबरवायला सांगत नाही. यांतून दोन गोष्टी समजतात. पहिली अशी की लहानपणचा उतावळेपणा हा या सगळ्यातला मोठा दुवा असावा. वाईट वाटणं अनेकांच्या वाट्याला येतं. त्या क्षणी स्वतःला थांबवता न येणं ही वेगळी अडचण आहे, आणि दोन्ही एकत्र आली की धोका वाढतो. पुढच्या विश्लेषणांत आणखी दुवे सापडले: शाळेत इतरांकडून होणारा छळ, किशोरवयातलं नैराश्य, आणि लहानपणी घरात झालेली मारहाण, अत्याचार किंवा हेळसांड. ज्यांच्या वाट्याला हे शेवटचं आलं होतं, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण एडीएचडी असलेल्या इतर मुलींपेक्षाही बरंच जास्त होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे या त्रासाची दिशा. वर्गात उड्या मारणाऱ्या मुलग्याचा त्रास इतरांना दिसतो, म्हणून त्याची नोंद होते. या मुलींनी स्वतःला जे केलं ते कोणाच्या वर्गात व्यत्यय आणत नव्हतं. विचारलं नसतं तर कळलं नसतं.

आता काय दिसलं नाही, तेही पाहू. बर्कलीच्या मुलींत त्या वयात व्यसनं, खाण्यापिण्याचे विकार किंवा वाहन चालवण्यातले अपघात तुलनेच्या गटापेक्षा लक्षणीय जास्त आढळले नाहीत. बॉस्टनच्या गटाने मात्र ११ वर्षांनंतरच्या पाठपुराव्यात व्यसनं आणि खाण्यापिण्याचे विकार जास्त असल्याचं २०१० मध्ये नोंदवलं. म्हणजे दोन चांगले अभ्यास इथे एकमेकांशी जुळत नाहीत. दोन्हीकडच्या मुली वेगळ्या, त्यांना गोळा करण्याची रीत वेगळी, विचारण्याची पद्धत वेगळी. नैराश्य, चिंता आणि एकूण अडचणी याबाबत मात्र दोघांचा सूर एक आहे. अशा वेळी जिथे एकमत आहे तिथे पक्कं पाऊल टाकावं, बाकीचं मोकळं सोडावं.

सोळा वर्षांनी, म्हणजे या मुली पंचविशीच्या आसपास असताना, अनियोजित गर्भधारणेचा प्रश्न पुढे आला. लहानपणी एडीएचडी असलेल्यांत हे प्रमाण ४० टक्क्यांहून थोडं जास्त होतं, तुलनेच्या गटात साधारण १० टक्के. जोडीदाराकडून होणाऱ्या मारहाणीचं प्रमाणही जास्त होतं. ज्यांची लक्षणं मोठेपणीही टिकली त्यांची अवस्था एकंदरीत जास्त बिकट होती. पण लक्षणं ओसरलेल्या मुलीही काही बाबतींत मागेच राहिल्या होत्या. हेही समजण्यासारखं आहे. शाळेची बुडालेली वर्षं आणि तुटलेल्या मैत्री लक्षणांबरोबर परत येत नाहीत.

बर्कलीबाहेरचाही एक पुरावा सांगतो. २०१५ मध्ये डेन्मार्कच्या सरकारी नोंदींवरून १९.२ लाख लोकांचा अभ्यास ‘द लॅन्सेट’मध्ये आला. एडीएचडीचं निदान असलेल्यांत अकाली मृत्यूचा सापेक्ष धोका जास्त होता, आणि तो पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक वाढलेला होता. कारणांत अपघात पुढे होते. पण लगेच हेही ऐका: निदान असलेल्या ३२,०६१ जणांत एकूण मृत्यू १०७ होते. सापेक्ष धोका वाढला तरी प्रत्यक्ष घटना विरळच राहते.

मग या सगळ्याची मर्यादा काय? बर्कलीच्या अभ्यासाने कोणाला कोणते उपचार द्यायचे हे ठरवलेलं नव्हतं. ते प्रत्येक कुटुंबाने आपापलं ठरवलं. त्यामुळे औषधाने किंवा समुपदेशनाने या मुलींचं भविष्य बदललं का, याचं उत्तर या अभ्यासातून काढता येत नाही. तो एका देशाच्या एका भागातला, एका पिढीतला अभ्यास आहे. आणि सरासरी म्हणजे भाकीत नव्हे. मिश्र प्रकारातल्या २२ टक्क्यांनी प्रयत्न केला, याचा अर्थ ७८ टक्क्यांनी केला नाही. त्याच १४० जणींमधल्या अनेकींनी शिक्षण पुरं केलं, कामाला लागल्या, संसार उभे केले. एखाद्या आईने हे ऐकून आपल्या मुलीच्या कपाळी काय लिहिलंय हे वाचायला जाऊ नये.

निदानाचे नियमही हळूहळू बदलले. २०१३ च्या डीएसएममध्ये लक्षणं सातव्या वर्षाआधी दिसायलाच हवीत ही अट सैल करून बाराव्या वर्षापर्यंत नेली. मुलींच्या दृष्टीने हा मोठा फरक आहे. प्राथमिक शाळेत एकच बाई, एकच वर्ग, आई दप्तर भरून देते. हुशार मुलगी तेवढ्यावर निभावून नेते. माध्यमिक शाळेत विषय वाढतात, दर तासाला शिक्षक बदलतात, वेळापत्रक स्वतः सांभाळावं लागतं, आणि तिथे ती कोलमडते. मोठेपणी निदान होणाऱ्यांत स्त्रियांचं प्रमाण लहानपणापेक्षा पुष्कळ जास्त दिसतं, त्याचं एक कारण हेच असावं. अनेकजणींना हे कळतं ते आपल्या मुलाला तपासायला नेल्यावर, तिथले प्रश्न ऐकताना.

या इतिहासातून शिक्षकांनी, पालकांनी आणि डॉक्टरांनी घ्यायची गोष्ट साधी आहे. त्रास देणाऱ्या मुलाबद्दल आपण विचारतोच. त्रास न देणाऱ्या मुलीबद्दलही विचारू या. ती विसरते, तर किती ठिकाणी विसरते? तिला मैत्रिणी आहेत का, डब्याच्या सुट्टीत ती कोणाबरोबर बसते? वेंधळी म्हणून हसण्याआधी, अभ्यासाला बसल्यावर तिला नेमकं काय होतं, हे तिलाच विचारू या. आणि निदान झालेली मुलगी किशोरवयात शांत झाली म्हणून पाठपुरावा थांबवू नये. तिच्या मनःस्थितीबद्दल, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल सरळ शब्दांत विचारावं. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

ऐकणाऱ्यांपैकी कोणाला स्वतःसाठी किंवा घरातल्या कोणासाठी बोलायची गरज वाटली, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मिळते, आणि ती मराठीतही आहे. आता आपण प्रश्नांकडे वळू.